नवव्या ग्रीनवरचा बूट

दव गोठलेल्या गवतावर पाय ठेवला की पात्याचा चुरा होतो, आणि तीन दिवसांनी तिथे बुटाच्या आकाराचा काळा डाग उठतो. गोल्फच्या मैदानावर राबणाऱ्याला हे पहिल्याच हिवाळ्यात कळतं. खेळणाऱ्यांना कळत नाही, कारण डाग दिसेपर्यंत ते स्वतःची पावलं विसरलेले असतात आणि माळ्यांच्या नावाने खडे फोडत असतात.

गेल्या हिवाळ्यात नवव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, असे चाळीसेक डाग उठले. क्लबचे अध्यक्ष गोठलेल्या सकाळी तिथे पाहुण्यांना घेऊन खेळले होते. कमिटीत मात्र त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, की औषधाचा फवारा जास्त झाला. फवारणी माळ्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमबाईंच्या धाकट्या भावाकडे होती. त्याला काढून टाकलं. बाईंना सगळं ठाऊक होतं, पण पुरावा नव्हता, म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या. ते मूग त्यांना वर्षभर पचले नाहीत.

यंदा गवत पहिल्यांदा पांढरं झालं, त्या सकाळी बाईंनी नवव्या ग्रीनभोवती दोरी बांधली. आठ वाजता अध्यक्ष तीन पाहुण्यांसह हजर.

"दोरी काढा."

"ऊन येऊ द्या साहेब. तासाभरात गवत मोकळं होईल."

"तोवर पाहुण्यांनी ताटकळायचं? बाई, तुमची नोकरी माझ्या एका सहीवर आहे, विसरू नका."

घरात आता एकच पगार येत होता. पण भीतीपेक्षा राग जुना होता.

"करा सही. दोरी मी काढणार नाही. जायचंच असेल तर ओलांडून जा, सगळ्यांच्या देखत."

पाहुण्यांसमोर माघार घेतली तर अध्यक्ष कसले? त्यांनी दोरी ओलांडून पाय टेकला. कर्र झालं. मागे कोणीच येईना. पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "अहो, राहू दे. चहा घेऊ आधी." अध्यक्ष निमूट मागे फिरले.

मुकादमबाईंनी काठावर, त्या पावलासमोर, एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर तारीख लिहिली.

"हे कशाला?" त्या पाहुण्या बाईंनी विचारलं.

"कमिटीची बैठक आहे चार दिवसांनी. याल का?"

त्या आल्या. बैठकीत अध्यक्षांनी पुन्हा तोच पाढा सुरू केला, की नववं ग्रीन खराब झालंय, फवारणीकडे लक्ष नाही.

मुकादमबाई दारातूनच म्हणाल्या, "चला बघायला. फवारा बुटाच्या मापाने पडतो का, तेवढंच मला सांगा."

सगळे गेले. हिरव्यागार ग्रीनवर एकच काळा बूट, टाचेसकट. पाहुण्या बाईंनी तारीख वाचली आणि त्या सकाळी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्ष स्वतःच्या पायांकडे बघत उभे राहिले.

सोमवारी धाकटा कामावर परतला. आल्या आल्या तो डाग कापून नवीन गवत बसवायला निघाला.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत राहू दे."

डाग राहिला. तेवढा हिवाळा अध्यक्ष खुंटीला वळसा घालून खेळत, आणि त्यांची वेळ झाली की धाकटा नेमका तिथेच फवारणीला येई.