तोबऱ्यातले दहा श्वास

मी एक जुना तोबरा आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही बहुधा ओरडा खाताना ऐकले असेल. "तोंडात तोबरा भरून बोलू नकोस," असे घरातले कोणी ना कोणी तुम्हाला कधीतरी म्हणाले असेलच. तो तोबरा म्हणजे मी. घोड्याच्या तोंडाला बांधायची जाड कापडाची पिशवी. आत चंदी, म्हणजे घोड्याचे दाणे, घालायची, पट्टा कानांमागून घ्यायचा, आणि घोड्याने आत नाक घालून निवांत खायचे. एवढे साधे माझे काम आहे.

जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हळूच डोळे पुसतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलो आहे. वर्ष होत आले, तरी राग तसूभर कमी झालेला नाही. तुमचा यात काही दोष नाही, हे मला कळते. पण मोठी माणसे पिशवीचे ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

एका ताडपत्रीच्या दुकानात मला शिवले गेले. दुकान एवढे चिंचोळे होते, की कापड उलगडायचे तर कारागिराला ते रस्त्यावर न्यावे लागे. मला शिवून घ्यायला आले होते पागेतले मोतद्दार काका. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस. त्यांनी कारागिराला सांगितले, "दोन्ही बाजूंना चार-चार भोकं पाडा. आणि भोकांना पितळी कड्या बसवा."

"पिशवीला भोकं?" कारागीर म्हणाला. "मग दाणे सांडतील की."

"दाणे सांडले तर उचलता येतात. श्वास अडकला तर काय उचलणार?"

आठ कड्या बसल्या. मग काकांनी जे केले, ते मी अजून विसरलो नाही. भर दुकानात त्यांनी मला स्वतःच्या तोंडाला बांधले आणि बोटांवर मोजत दहा श्वास घेतले. दुकानातली गिऱ्हाइके हसायला लागली. कारागीर म्हणाला, "थोडी चंदी घालू का?" काका आतूनच म्हणाले, "घाला, भूक लागलीच आहे." दहावा श्वास झाल्यावर त्यांनी मला काढले, एक भोक थोडे मोठे करून कडी पुन्हा बसवून घेतली, पुन्हा बांधून पाहिले, आणि तेव्हाच घरी नेले.

पागेत खोगिरांच्या खोलीबाहेर माझा खिळा होता. सुरुवातीची काही वर्षे एका म्हाताऱ्या घोड्याजवळ गेली. तो इतका सावकाश खायचा, की काका त्याच्या शेजारी बसून तेवढ्यात दोन लगाम तेल लावून पुसून ठेवत. मग भिंगरी आली. चार वर्षांची तांबूस घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाय जमिनीवर ठरायचे नाहीत म्हणून नाव भिंगरी. तिच्यावर बसायची ती मालकांच्या घरातली धाकटी मुलगी. तिला सगळे धाकटीच म्हणत. दोघींना मिळून अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत उतरायचे होते.

मित्रांनो, घोड्याच्या मनात काय चालले आहे ते डोळ्यांवरून ओळखता येते, असे लोक सांगतात. मी तर तिचा श्वासच कुशीत घेऊन राहायचो. ती आनंदात असली की एक लांब श्वास सोडून फुरफुरायची, आणि आठही कड्यांतून भुसा उडायचा. काका म्हणायचे, "झालं बाईंचं पोट गार." ते आमचे चांगले दिवस होते, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे चांगले काही येणार नाही.

काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि ते तीन महिन्यांसाठी गावी गेले. त्याच महिन्यात भिंगरीची पहिली मोठी स्पर्धा होती. नवे मैदान, माणसांची गर्दी, आणि प्रवेशाच्या जागेला अगदी लागून भोंगा. भोंगा वाजला, भिंगरी बुजली, दुसऱ्या अडथळ्यापाशी पाय रोवून उभी राहिली, आणि धाकटी तिच्या मानेवरून पुढे जाऊन पडली. खरचटले, एवढेच. चार वर्षांच्या घोडीने भोंग्याला घाबरायचे नाही तर कशाला घाबरायचे? तिला दोन-तीनदा नुसते त्या मैदानावर फिरवून आणले असते, तर भागले असते. पण ते कोणाला सुचावे?

दुसऱ्या दिवशी खोगिरांच्या खोलीत बैठक बसली. शिकवणारे मास्तर, धाकटीची आई आणि धाकटी. टेबलावर चार डबे. सगळ्यांवर शांत उभ्या असलेल्या घोड्याचे चित्र. भिंगरीला शांत करायला कोणती पूड द्यायची, हे ठरवायचे होते.

"ही मॅग्नेशियमची घ्या," मास्तर म्हणाले. "माझ्या तीन घोड्यांना दिली आहे."

"आणि ते शांत झाले?" आईने विचारले.

"एक झाला."

"मग त्यापेक्षा ही झाडपाल्याची बरी. निदान अपाय तरी नाही. यात फुलं आहेत, मुळ्या आहेत."

"झाडपाला आहे म्हणून अपाय नाही, असं कुठं असतं का, बाई? त्यातल्या काही मुळ्या तर स्पर्धेत चालतही नाहीत."

धाकटी हळूच म्हणाली, "घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता मी. त्या म्हणाल्या, आधी आठ दिवस नुसतं बघा, ती नेमकी कधी आणि कशाला बिथरते. लिहून ठेवा. पुडीचं नंतर बघू."

"आठ दिवस बघत बसायला वेळ कुणाकडे आहे?" मास्तर म्हणाले.

झाले. त्या घरातली एकमेव शहाणी सूचना तिथेच बारगळली. पाऊण तास वाद घालून शेवटी मॅग्नेशियमवर सगळ्यांनी मान डोलावली. आईने डोलावली ती मास्तरांचा मान राखायला, धाकटीने डोलावली ती आईचा. मनातून कोणालाच पटले नव्हते. मी दाराबाहेर खिळ्यावर टांगलेला होतो, मला सगळे दिसत होते.

पूड पिठासारखी बारीक होती. पहिल्याच संध्याकाळी भिंगरी फुरफुरली आणि निम्मी पूड माझ्या कड्यांतून बाहेर उडाली. आईच्या साडीवर पांढरा थर बसला.

"एवढी महागाची पूड अशी उडवायची?" आई म्हणाली. "आण तो तोबरा इकडे."

आईचा हात शिवणात बसलेला आहे, हे मी नाकारत नाही. एका जुन्या खुर्चीचे रेक्झिन कापून तिने माझ्या आठही कड्यांवर आतून ठिगळे लावली. दुहेरी टीप घातली, गाठी पक्क्या केल्या, टोके कात्रीने साफ केली. मास्तर मला हातात घेऊन म्हणाले, "वा, बाई, आता कणसुद्धा बाहेर यायचा नाही." आणि खरेच, काही बाहेर येईना. आतही काही जाईना. माझे कापड पावसात न भिजणारे, त्यातून पाणीच काय, वाराही जात नाही. वर तोंडाशी पट्टा घट्ट. भिंगरीने नाक आत घातले, श्वास ओढला, आणि हवेऐवजी पूड ओढली. ती खोकली. मान झटकली. पुन्हा ओढला.

त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. पिशवीला तोंड असते ते फक्त भरण्यापुरते.

चार दिवसांत मला पाहताच ती मान वर करून आपल्या ठाणाच्या, म्हणजे बांधायच्या जागेच्या, भिंतीकडे सरकू लागली. मास्तर म्हणाले, "बघा, आता ठाणावरसुद्धा बिथरते. मात्रा कमी पडते आहे." मात्रा वाढवली. ती आणखी झटके देऊ लागली. मग सुरू झाला चोरटा कारभार. सकाळी आई यायची, इकडे तिकडे बघायची आणि झाडपाल्याची एक चिमूट टाकून जायची. दुपारी मास्तर ठरल्यापेक्षा अर्धा चमचा जास्त घालायचे, कोणाला न सांगता. संध्याकाळी धाकटी कसल्याशा गोड चाटणाचे बोट तळाला फासायची. प्रत्येकाला वाटायचे, बाकीच्यांचे चुकते आहे, मी तेवढे गुपचूप बरोबर करतो. तिघेही एकमेकांसमोर मूग गिळून बसायचे. आत काय काय आहे, हे फक्त मला ठाऊक होते, आणि त्या घोडीच्या घशाला.

दोन महिने हे चालले. मग मास्तरांनी सांगून टाकले, "पुढच्या स्पर्धेत नीट धावली तर ठीक. नाहीतर ही घोडी विकून दुसरी घ्या. पोरीची मान मोडायची वाट बघायची आहे का?" आईने होकार दिला. धाकटी त्या दिवशी ठाणात जाऊन बसली आणि भिंगरीच्या आयाळीत तोंड खुपसून म्हणाली, "या एका वेळी ऐक माझं. फक्त एकदा." मला तिची दया आली आणि तिचा रागही आला. मी समोरच टांगलेला होतो. पोरी, इकडे बघ, असे मला म्हणायचे होते.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी कमाल केली. मैदानात जायच्या आधी पुरता अर्धा तास मला तिच्या तोंडाला बांधून ठेवले, म्हणजे पूड भिनेल. तिचा प्रत्येक श्वास माझ्या भिंतींवर आपटत होता. तिच्या मानेवर घामाचा फेस आला. "अजून शांत होत नाही," आई काळजीने म्हणाली, आणि पट्टा एक घर घट्ट केला. आईचे तिच्यावर प्रेम नव्हते, असे मी म्हणत नाही. प्रेमानेच आवळला. म्हणून तर जास्त संताप येतो.

मला काढल्यावर भिंगरी मैदानात शिरली ती उधळूनच. कुंपणाला धडकली, धाकटी पुन्हा खाली आली, या वेळी मनगट मोडले. आठवड्याच्या आत घोडी विकली गेली.

नंतर दहा दिवसांनी काका काठी टेकत परत आले. रिकाम्या ठाणासमोर ते बराच वेळ उभे राहिले. आईने सगळे सांगितले. कोणती पूड, किती मात्रा, किती काळजी घेतली.  काकांनी मला खिळ्यावरून काढले, आत हात घातला, आणि बोटे ठिगळांवर थांबली.

मग त्यांनी मला स्वतःच्या तोंडाला बांधले. तिसऱ्या श्वासाला त्यांना ठसका लागला.

"मास्तर, या," ते म्हणाले. "बांधा तोंडाला. दहा श्वास घ्या."

"काहीतरीच काय, काका."

"दहाच. त्या मुक्या जिवानं अर्धा तास घेतले."

मास्तर चौथ्या श्वासाला बाहेर आले, खोकत, डोळे लाल झालेले. आई दुसऱ्यालाच. मला हातात धरून ती खाली बसली आणि आपल्याच टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. धाकटीने मात्र दहा घेतले. तिचे हुंदकेही माझ्याच आत अडकले, बाहेर जायला वाट नव्हती.

त्याच दुपारी काकांनी चाकूने आठही ठिगळे उसवली. मला धुऊन वाळवले. दुसऱ्या दिवशी धाकटी, एक हात गळ्यात बांधलेला, मला घेऊन नव्या मालकाकडे निघाली. काका सोबत होते. घोडी परत मागायची, नाहीच मिळाली तर निदान ती वेडी नाही एवढे सांगायचे, असे तिने ठरवले होते.

नवा मालक अंगणात नळाखाली हातपाय धूत होता. "परत?" तो म्हणाला. "छे हो, आता कशी देऊ? गुणी घोडी आहे. माझी लहान मुलगी तिच्या पोटाखालून पलीकडे जाते."

"बिथरत नाही?" धाकटीने विचारले.

"ही? ही तर गाय आहे गाय."

"तुम्ही तिला काय देता?"

"चंदी. घमेल्यात घालून. अजून काय देणार?"

भिंगरी सावलीत उभी होती, एक मागचा पाय सैल सोडून. धाकटी दिसताच तिने कान टवकारले आणि ओळखीने खिंकाळली. बाहेर रस्त्यावरून एक मालमोटार भोंगा वाजवत गेली. ती हललीसुद्धा नाही. धाकटी पुढे झाली. तिच्या बऱ्या हातात मी होतो, धुतलेला, आठही कड्या उघड्या असलेला.

भिंगरीने मला पाहिले. तिचे डोळे पांढरे झाले, मान वर गेली, आणि ती मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. सगळ्या जगात तिला आता फक्त एकाच गोष्टीची भीती वाटत होती.

काकांनी माझ्यावर आपला रुमाल टाकला आणि मला पाठीमागे लपवले. आम्ही तिघे तसेच परत आलो.

आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. काकांनी पागेत नियम केला आहे, घोड्याला काहीही बांधण्याआधी बांधणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाला बांधून दहा श्वास घ्यायचे. मास्तरही घेतात. आई तर दोनदा घेते. नियम चांगला आहे. माझ्या भिंगरीला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी घाबरत असेल. एखादे कुत्रे असेल, एखादे लहान भावंड असेल. त्याला शांत करायला तुम्ही मोठ्या प्रेमाने काहीतरी घेऊन निघाल. जाण्याआधी थोडे थांबा, आणि हातातली वस्तू खाली ठेवून बघा. कदाचित ते तिलाच घाबरत असेल.