पाच घरांतला डबा

लारसनं पडद्यावरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मग पुढचा उघडला. पहिल्या फोटोत दुधाच्या पावडरीचा निळा डबा टीव्हीशेजारी होता, दुसऱ्यात लग्नाच्या तसबिरीखाली, तिसऱ्यात शिवणयंत्रावर. घरं वेगळी, बाया वेगळ्या, पोरंही वेगळी. पण झाकणाखाली उजव्या अंगाला पोचा होता, तो तिन्हीकडे तोच. चौथा आणि पाचवा फोटो तिनं उघडायचा म्हणून उघडला.

दीड महिन्यापूर्वी ती सेमारांग शहरातल्या एका गल्लीत दोन दिवस हिंडली होती. जाहिरात कंपनीत तिचं पद नियोजकाचं. म्हणजे लोकांच्या घरी जायचं, चटईवर मांडी घालून गोड चहा प्यायचा, ते काय खातात-पितात ते पाहायचं, आणि जाकार्ताला परतून त्यांच्या गळ्यात अजून काय मारता येईल ते सांगायचं. यावेळी तिनं सांगितलं होतं, 'गरीब घरातली आईसुद्धा आता पुडी सोडून डब्याकडे वळते आहे.' वाक्य सर्वांना भारी आवडलं होतं. उद्या दहा वाजता ते दूध कंपनीपुढे मांडायचं होतं. त्याच्या जोरावर कंपनी स्वस्तातली पिवळी पुडी बंद करणार होती आणि लारसच्या कंपनीला वर्षभराचं काम देणार होती. ते काम फार गरजेचं होतं. मागच्याच महिन्यात तिच्या विभागातल्या नऊपैकी सात जणांना निरोपाचा केक कापून कायमचं घरी पाठवलं होतं.

तिनं फोन लावला. गल्लीच्या प्रमुखाची बायको सामिन्तेन, जिला सगळे बू, म्हणजे बाई, म्हणत, हिनंच पाचही घरं गाठून दिली होती.

"अगं बाई, म्बाक लारस!" ताई म्हणावं तसं त्या म्हणाल्या. "जेवलात का?"

"जेवले, बू. एक विचारायचं होतं. तो निळा डबा नक्की कोणाचा?"

 पलीकडे बाई खळखळून हसल्या.

"सापडली म्हणायची चोरी! अहो, माझाच. नातू झाला तेव्हा लेकीच्या सासरहून आला होता. चार वर्षं झाली. आता पापड ठेवते त्यात."

"मग सगळ्यांकडे कसा गेला?"

"जाकार्ताहून पाहुणे यायचे, घरात काही बरं दिसायला नको? तुम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलात की डबा मागच्या दारानं पुढच्या घरी. वाह्यूनीकडे तर तुम्ही चपला काढत होतात आणि डबा खिडकीतून आत येत होता. नुसती धावपळ!"

"आणि मुलं काय पितात?"

"पिवळी पुडी. एक पुडी दोघांत, पाणी जरा सढळ. का हो, काही चुकलं का? तुम्हाला बोलणी तर नाही ना बसणार?"

"मी डबा उघडून पाहिला असता तर काय केलं असतंत?"

"पण तुम्ही कुठं पाहिलात?" बू सामिन्तेन म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि म्हणूनच ते लारसला जास्त लागलं.

ती उठून साहेबांच्या, पाक हेरूंच्या, खोलीत गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"उद्या सांगणार आहेस हे?"

"सांगायलाच हवं. पुडी गेली तर ती पोरं नुसता चहा पितील."

"सांग की. मी कशाला अडवू? फक्त सांगून झालं की मग आपण काय विकायचं, तेही तूच सांग."

दुसऱ्या दिवशी तिनं पाचही फोटो शेजारी शेजारी लावले. दूध कंपनीची आठ माणसं लांबलचक टेबलाभोवती बसली होती. मधोमध मुख्य बाई, बू वेरोनिका.

"हा एकच डबा आहे," लारस म्हणाली. "मागून आणलेला. पाचही घरांत मुलं पुडीच पितात."

आता एकच वाक्य उरलं होतं, पुडी बंद करू नका. सकाळी आरशासमोर तिनं ते तीनदा म्हणून पाहिलं होतं. तेवढ्यात बू वेरोनिकांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांना डबा नकोच आहे?"

पाक हेरू टेबलाकडे पाहू लागले. लारसला भीती वाटली. तिला एक्केचाळिसावं लागलं होतं, आणि त्या सात जणांपैकी चाळिशीपुढच्या एकालाही अजून कुठं काम मिळालं नव्हतं.

"नको कसा?" तिनं स्वतःलाच बोलताना ऐकलं. "इतका हवाय, की शेजारणीकडून मागून आणतात."

बू वेरोनिका खुर्चीत सावरून बसल्या. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते पाणी खरं होतं.

"हीच आपली जाहिरात," त्या म्हणाल्या.

पुढच्या पाव तासात टेबलावरच जाहिरातीतली गल्ली उभी राहिली, खिडक्या उघडल्या, हातोहात डबा फिरला, आणि शेवटी प्रत्येक आईच्या फळीवर तिचा स्वतःचा डबा आला. पिवळ्या पुडीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. कराराच्या शेवटच्या पानावर ती बंद होण्याची तारीख होती, तिच्यावर सह्या झाल्या.

"कमाल केलीस," लिफ्टमध्ये पाक हेरू म्हणाले.

"थँक्यू, पाक," लारस म्हणाली.

तीन महिन्यांत जाहिरात घरोघरी पोचली. लोक ती पाहून रडले, तशा बातम्या आल्या. कंपनीनं आभार म्हणून त्या पाच घरांना एकेक भरलेला डबा पाठवला, आणि लारसनं सेमारांगला फोन लावला.

"डबे पोचले का, बू?"

"पोचले हो! केवढे जड ते. वाह्यूनीची धाकटी चमचा सोडायला तयार नाही." मग आवाज जरा खाली आला. "म्बाक, पिवळी पुडी हल्ली दुकानात येत नाही. तुमच्याकडे जाकार्तात मिळते का?"

"बंद झाली, बू."

"हां. हा डबा किती दिवस पुरतो?"

"पंधरा दिवस."

"आणि मग?"

लारसनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तो ठेवता येईना. शेवटी बू सामिन्तेननीच तिची सोडवणूक केली, अवघडलेल्या पाहुण्याची करतात तशी.

"असू दे, असू दे. तुमचं काम नीट झालं ना? मग झालं तर. आता फोटो हवे असतील ना तुम्हाला? काढून पाठवते. पोरांना छान हसायला सांगते."

कंपनीला फोटो हवेच होते. फोन त्यासाठीच केला होता.

"फोन उभा धरून काढा, बू," लारस म्हणाली. "आडवे फोटो चालत नाहीत."