मधलं दार

"मला हाड कोण म्हणालं?" फोनवरच्या गिऱ्हाइकानं विचारलं.

शिवकन्येनं हेडफोनचा माईक मुठीत दाबला, मायकडं डोळे वटारले आणि मूठ सोडून म्हणाली, "सर, लाइनवर खरखर आहे. आपल्या वॉशिंग मशीनला काय झालंय?"

गिऱ्हाईक निवृत्त मास्तर होतं. त्यानं आधी अपमानाची तक्रार केली, मग मशीनची. शिवकन्येनं दोन्ही ऐकून घेतल्या, पण माणूस पाठवायची सोय फक्त मशीनसाठी होती.

हाड म्हणाली होती भामाबाई, शिवकन्येची माय. जन्म शेळ्यांमागं गेलेला. गेल्या साली लकव्यानं तिचं उजवं अंग गेलं, पाठोपाठ वाचा गेली, आणि जाताना हा एवढा शब्द विसरून गेली. गेवराईचे डॉक्टर म्हणाले, होतं असं; कुणाला शिवी उरते, कुणाला देवाचं नाव. भामाबाईनं त्या एका शब्दावर सगळा प्रपंच रेटला. भूक लागली की लांबट हाड, पाणी हवं असलं की तुटक, लाड आला की गालात. शिवकन्येला पाहायला मंडळी आली तेव्हा भामाबाईनं तोंडभरून हसत त्यांचं तेच म्हणून स्वागत केलं. मंडळी चहालाही थांबली नाहीत.

घर तलवाड्यात, एका खोलीचं, वर पत्रे. तिथूनच शिवकन्या पुण्याच्या कंपनीचे फोन घ्यायची. नोकरी रिमोट आहे असं तिनं एकदा सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी चुलते राधाकिशन टीव्हीचा रिमोट घेऊन दारात उभे. तिनं सेल बदलले, रिमोट दोनदा तळहातावर आपटला, तो चालू झाला. त्यानंतर तिच्या नोकरीबद्दल गावात कुणी शंका घेतली नाही.

शंका पुण्यात होती. वरिष्ठ सुकन्या मॅडमनी सगळ्यांना कळवलं की आता घरून काम करायची मुभा फक्त 'ज्यांचं घर कामालायक आहे' त्यांनाच. बाकीच्यांनी पुण्याला यावं किंवा राजीनामा द्यावा. सोबत घरून काम करणाऱ्यांनी वाचावीत अशी पाच पुस्तकं सुचवली होती. प्रत्येकीनं त्यातलं एक वाचायचं आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवून, त्यातून काय शिकले आणि घरात काय बदललं, ते सांगायचं. पुण्याला जायचं तर मायला कोण बघणार, आणि राजीनामा द्यायचा तर दोघींनी खायचं काय, याबद्दल एकाही पुस्तकात धडा नव्हता.

शिवकन्येच्या वाट्याला आलेलं पुस्तक समुद्राकाठी राहणाऱ्या कुणा बाईनं लिहिलेलं होतं. मायचे पाय चोळता चोळता तिनं ते मोबाइलवर वाचलं आणि एकेक उपाय इमानेइतबारे केला. टेबलावर हिरवं रोप ठेवा, असं लिहिलं होतं. टेबल नव्हतं म्हणून तिनं पत्र्याच्या पेटीवर तुळस ठेवली. दुपारपर्यंत ती शेळीनं खाल्ली. कामाआधी घराबाहेर पडा आणि ऑफिसात आल्यासारखं परत या, असंही होतं. ती चपला घालून, पर्स घेऊन चिंचेला वळसा मारून यायला लागली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या चंद्रभागाबाईंनी विचारलं, "काय गं, कावून फिरायलीस? मायसंगं भांडलीस का?"

शेवटचा धडा सगळ्यात मोठा. घर आणि काम यांच्या मधे एक दार असू द्या. दार होतं, पण एकच. लावलं तरी माय आतच, उघडलं की शेळ्याही आत. दार नसेल तर, बाई पुढं लिहीत होती, घरच्यांना विश्वासात घ्या.

शुक्रवारी सकाळी शिवकन्या खाटेजवळ उकिडवी बसली.

"माय, हे कानाला लावलं की मी घरात न्हाई. हापिसात हाय. तवा तू बोलायचं न्हाई. हाड बी न्हाई. नौकरी गेली तर तुला सोडून पुण्याला जावं लागंल मला."

भामाबाईला सगळं कळायचं. तिनं मान हलवली. पण मान ती नेहमीच हलवायची. शिवकन्येनं तिचा डावा, चालता हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ हाय तुला."

मीटिंगमध्ये एकीचा कुकर शिट्ट्या देत होता, दुसरीचा नवरा टॉवेल कुठाय म्हणून विचारत मागून बनियनवर गेला. शिवकन्येची पाळी आली तेव्हा मागं चिटपाखरूही नव्हतं. मधलं दार नव्हतं, म्हणून घरच्यांना विश्वासात घेतलं, असं तिनं सांगितलं. सुकन्या मॅडम भारावल्या. बाकीच्यांनी शिवकन्येकडून शिकावं, म्हणाल्या. पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडाली आणि तिचं घर कामालायक ठरलं.

हेडफोन काढून ती धावत खाटेशी गेली. "माय, राहिली नौकरी. बोल आता."

भामाबाई हसली. बोलली नाही.

जेवताना बोलली नाही, पाणी मागतानाही नाही. डावा हात तांब्याकडं करायची, बस. शिवकन्येनं "सुटली शपथ, माय, सुटली" असं उभ्यानं म्हटलं, बसून म्हटलं, मायचा हात डोक्यावर ठेवून म्हटलं. राग यावा म्हणून शेळी खाटेवर चढवली. भामाबाईनं शेळीला थोपटलं.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका असेल, हलका; किंवा नसेलही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "लेकराच्या डोक्यावरली शपथ हाय ती. तू सुटली म्हणून सुटंल का? मोडली तर तुझ्या जिवाला काय व्हईल, म्हणून जीव तिचा टांगलाय."

शिवकन्येचे फोन वाढले. आवाज स्वच्छ येतो म्हणून कंपनीवाले तिला मोठी गिऱ्हाइकं देऊ लागले. तक्रारी मोठ्या, बोलणी लांब, आणि प्रत्येक शब्द रेकॉर्ड होणार.

एका दुपारी ती फ्रिजच्या वॉरंटीच्या अटी वाचून दाखवत होती. भामाबाईनं डाव्या हातानं तांब्या तोंडाला लावला आणि पाणी घशात अडकलं. ठसका आला. पहिला अर्धाच बाहेर पडला. भामाबाईनं लेकीच्या कानाकडं पाहिलं, पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. अंग हिसके देत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. शिवकन्या उठली. हेडफोनची वायर ताणली गेली, खाट हातभर लांब राहिली. अटी संपत आल्या होत्या. तिनं त्या भराभर वाचल्या.

"सर, आपली आणखी काही मदत करू शकते का?"

"हो," गिऱ्हाईक म्हणालं, "जरा पहिल्यापासून सांगा."