कासिल्दाचा रंग

लिव्हरचं दुखणं आता बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी बायको कासिल्दा चांगली टवटवीत दिसत होती. घरी येताना ट्रामच्या थांब्यावर ती म्हणाली, "एउतिमियो, माझं चित्र काढ. आता रंग उतरत जाणार माझा. नातवंडांना मी पिवळी आठवायला नको."

मी ट्रामचा निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यात भिंती रंगवल्या होत्या, माणूस कधी नाही.

"आधी शिकू तर दे," मी म्हणालो.

"अरे, आजच बस ना रंगवायला. अजून बरी दिसतेय मी."

"उगाच तुझं हसं नाही करायचं मला." एवढा मी शहाणा.

आमच्या माद्रिदमध्ये चेहरा शिकायचा म्हणजे संग्रहालयाचा परवाना काढायचा आणि एखाद्या जुन्या चित्रासमोर ईझलची घोडी मांडून त्याची नक्कल करायची. नक्कल मूळ चित्राहून लहान हवी, एवढी अट. मी तीनशे वर्षांपूर्वीची एक शिंपीण निवडली. शेजारी ओब्दुलियाबाई बसायच्या. चाळीस वर्षं नकला विकून त्यांनी पोट भरलं होतं, आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"काय हो ड्रायव्हरसाहेब, ही बाई आहे की उकडलेला बटाटा? पिवळा घाला अजून. जुन्या चित्रांतली कातडी मधाच्या रंगाची असते."

मी घालत गेलो. चौदा महिने, रोज सकाळी. शिंपिणीच्या गालाचा कण न् कण मला पाठ झाला. दुपारी घरी यायचो तेव्हा डोळे इतके शिणलेले असत की कासिल्दाकडे धड बघतही नसे. ती ताट वाढायची.

वसंतात एकदा ओब्दुलियाबाईंनी पाठीवर थाप मारली. "आली हो, कातडी आली!" त्याच आठवड्यात शिंपिणीचं चित्र साफसफाईला गेलं, आणि मी कासिल्दाला खिडकीत बसवलं.

पंधरा दिवसांनी तिने स्वतःचं चित्र पाहिलं. "हुबेहूब आहे रे," ती म्हणाली. "पण ही आजचीच मी."

खरंच, चेहऱ्याला हळद फासल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, समोर बसलेली पिवळी, म्हणून चित्र पिवळं. लाल घातला तर बाहुली झाली. खरवडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. उन्हाळा असाच गेला, आणि तिचं जेवण वाटीभर सूपवर आलं.

ऑक्टोबरात शिंपीण परत आली. मी आणि ओब्दुलियाबाई तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. गोरीपान, गुलाबी, कानशिलावर निळसर शीर. चित्रावरचं जुनं पिवळं पडलेलं वार्निश पुसून काढलं होतं. मी चौदा महिने गिरवलं ते वार्निश होतं.

ओब्दुलियाबाईंनी आपली नक्कल उलटी करून ठेवली. "चाळीस वर्षं मी मळ विकला हो," म्हणाल्या. त्यांना धीर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

तीन दिवस सकाळी मी त्या धुतलेल्या चित्रासमोर फक्त गालाचे रंग कालवत बसलो. चौथ्या दिवशी घरी कासिल्दाच्या पलंगाशी ईझल मांडलं. रंग अगदी जिवंत जमला. ब्रश कॅनव्हासपाशी नेला आणि तिथेच अडलो. हिचा खरा रंग कोणता होता? गोरी होती? गव्हाळ? लाली कुठपर्यंत चढायची? चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि आठवेना. कपाटातून लग्नाचा फोटो काढला. तो काळापांढरा. ती उशीवरून माझ्याकडे बघत होती.

शेवटी मी शिंपिणीचा रंग दिला. सगळा, निळ्या शिरेसकट.

संध्याकाळी चित्र तिच्यासमोर धरलं.

"अशी होते मी?"

"अशीच होतीस."

"बाई गं! एवढी छान?" ती खुदकन हसली, आणि मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. चौदा महिने तिचा रंग घरातच होता. मी रोज दार ओढून बाहेर जात होतो.

रविवारी ती गेली. चित्र बैठकीत लावलंय. धाकटी नात विचारते, "आजी किती गोरी होती, नाही?"

मी हो म्हणतो.