बायनाबाईंचं पंक्चर

"गॅस गळतोय," तेजश्री ओसरीवरून म्हणाली. बायनाबाईंनी भाकरी तव्यावर तशीच टाकून शेगडीचं सिलिंडर बंद केलं.

"आजी, तो न्हाई. माझ्या डब्यातला आर्गॉन."

डबा म्हणजे अणूहून बारीक कण टिपणारं, नातीनं स्वतः बनवलेलं यंत्र. आत गॅस आणि केसाएवढ्या तारा होत्या. कण पार गेला की टिक वाजायचं. गळतीमुळं आता डबा मुका झाला होता. सोमवारपर्यंत तो बोलला नाही, तर तिच्या विद्यापीठाच्या प्रयोगातली त्याची जागा दुसऱ्याच्या यंत्राला जाणार होती.

"रडतीस काहून? गेवराईत चाळीस वर्षं सायकलींची पंक्चरं कुणी काढली?"

बायनाबाईंनी रिठे घुसळून फेस केला आणि डब्याच्या सांध्यांवर बोटानं फासला. चौथ्या कोपऱ्यावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला.

तेजश्रीनं फेस पुसला, तिथला स्क्रू आवळला, डबा सुकवून पुन्हा गॅस भरला आणि कळ दाबली.

टिक. मग टिकटिक, टिक.

"कोण आलं गं?"

"आभाळातले कण. आत्ता तुझ्याबी अंगातनं आरपार गेले."

बायनाबाई हसता हसता भुईवरच बसल्या. "म्हंजे मलाबी लई पंक्चरं हायेत की. आण तो फेस."