बिस्किट मेल्याची तालीम

तालिताला गेल्या वर्षी मेडिकलच्या मुलाखतीतून परत पाठवलं, ही गोष्ट तिच्या आजीने, सालाफाईने, चर्चमध्ये कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. ‘पोरीला अजून वर्षभर घरी राहायचंय,’ एवढंच तिने सांगून टाकलं, आणि ‘का’ म्हणून विचारायची छाती ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या लोगन शहरात, सामोआ बेटांवरून येऊन राहिलेल्या एकाही बाईची झाली नाही.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. पण तालिताने ठरवून टाकलं होतं, की या खेपेला हुकलं तर हा नाद सोडायचा आणि रुता आत्यासारखं नर्सिंगला जायचं.

“नर्सिंगला जायचं म्हणजे काय खड्ड्यात जायचं का गं?” रुता म्हणाली. “सुतकी तोंड करून सांगतेस ते!”

“तसं नाही गं आत्या. पण मला डॉक्टरच व्हायचंय.”

“मग तोंड उघड. मागच्या वेळी एका खोलीत घंटा होईपर्यंत गप्प बसलीस ना?”

रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. गॅरेजात चटया अंथरलेल्या, अळूच्या पानांतल्या नारळाच्या दुधाचा वास अजून तिथेच रेंगाळलेला. सालाफाई भिंतीला टेकून हातपंख्याने वारा घेत होती. पंखा थांबला नाही, पण कान इकडे वळले.

त्या मुलाखतीत म्हणे ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत निराळं संकट. कुठे तर पगारी नटी बसवलेली असते. ती रडते, भांडते, आणि कोपऱ्यातला परीक्षक पोरांना गुण देत राहतो.

“रडायला माणसं भाड्याने आणतात?” सालाफाई म्हणाली. “आमच्या चर्चमध्ये सांगितलं असतं तर दहा जणी फुकट आल्या असत्या.”

गेल्या वर्षी कुठल्या खोलीत काय होतं ते तालिताला सांगायची सोय नव्हती. बाहेर बोलणार नाही, अशी सही घेतात. म्हणून रुताने आपल्या मनाने एक प्रसंग रचला. शेजारीण गावाला गेली, जाताना आपला म्हातारा कुत्रा तुझ्या हवाली करून गेली. तुझ्या हातून फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा ट्रकखाली गेला. शेजारीण परत आलीय. जा, तिला सांग.

“शेजारीण मी,” सालाफाई म्हणाली आणि पदवी मिळाल्यासारखी ताठ बसली.

तालिता आली, समोर चटईवर बसली, मान पार छातीपर्यंत खाली घातली आणि तशीच राहिली. एक शब्द नाही. सालाफाई बघत राहिली. तिच्या गावी कुणाच्या हातून मोठा अपराध घडला, की सगळं घराणं समोरच्याच्या अंगणात जाऊन असंच बसायचं, डोक्यावर घराण्यातली सगळ्यात बारीक विणीची चटई घेऊन. समोरच्याने चटई उचलेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. तिने लहानपणी आपल्या बापाला तसं उन्हात बसलेलं पाहिलं होतं. पोरीने मान अगदी तशी वाकवली होती.

“ऊठ बाळा,” ती म्हणाली. “झालं. माफ केलं.”

रुताने कपाळावर हात मारला. “आई! गुण कशाचे देणार? मानेचे?”

“मानेचेच द्यावेत. जो बोलतो तो सबबी सांगतो. हिला मीच शिकवलंय.”

“ते दिसलंच गेल्या वर्षी.”

सालाफाईने अशी काही नजर टाकली, की दुसरी कुणी असती तर मुकाट्याने भांडी घासायला गेली असती. पण रुता तिचीच पोर. ती उठली आणि कुंपणापलीकडून डोरीनला घेऊन आली. गोऱ्या माणसाच्या मनात काय येतं ते गोऱ्या माणसालाच विचारलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

डोरीन चहाचा मग हातात घेऊन आली. मागून तिचा खरोखरचा म्हातारा कुत्रा बिस्किट रखडत आला आणि चटईवर आडवा झाला. रुताने तिला सगळं समजावलं.

“म्हणजे हा मेला?” डोरीनने विचारलं.

“मेला.”

बिस्किटने शेपूट आपटलं.

तालिता पुन्हा आली. बसली. मान खाली.

“आले गं बाई घरी,” डोरीन हसत म्हणाली. “काय गं? बिस्किट कुठाय?” उत्तर नाही. “तालिता? बरं वाटत नाही का तुला?” उत्तर नाही. हळूहळू डोरीनचं हसू मावळलं. “माझा कुत्रा कुठाय? अगं, बोल ना काहीतरी!” आवाज चिरकला. बिस्किट उठला, त्याने तिच्या गुडघ्यावर नाक ठेवलं, पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

“ती माफी मागतेय,” सालाफाई आपल्या मोडक्या इंग्रजीत फणकारली. “डोळे नाहीत का तुला?”

“तिला वाईट वाटतंय ते दिसतंय मला. पण माझ्या कुत्र्याचं काय झालं ते कोण सांगणार? त्याला फार लागलं का? शेवटी जवळ कुणी होतं का? ही बसली आपलं दुःख घेऊन, आणि मी मात्र दारातच उभी.”

आता पंखा थांबला. गावच्या अंगणात ज्याच्यावर घाव पडलेला असतो त्याच्या पाठीशीही त्याचं घराणं असतं. काय घडलं ते साऱ्या गावाला आधीच ठाऊक असतं, आणि त्याच्या वतीने बोलायला जाणता माणूस असतो. डोरीनच्या पाठीशी कोण? एक कुत्रा, आणि तोही मेलेला.

सालाफाईने घसा साफ केला. “मी तेच सांगत होते. आधी मान, मग तोंड.”

“कधी सांगत होतीस?” रुता म्हणाली.

“तुझं लक्ष असतं कुठे! तालिता, पुन्हा ये.”

तालिता पुन्हा आली. क्षणभर मान झुकवली, मग वर केली. “डोरीन काकू, वाईट बातमी आहे. बिस्किट गेला. म्हणजे त्या फाटकाची कडी जरा सैल—”

फाट्दिशी पंखा चटईवर आपटला. “कडीला कशाला मध्ये आणतेस? कडीला व्हायचंय का डॉक्टर?”

रुता हसून हसून लोळली. तालिताही हसली, उठली, बाहेर गेली आणि परत आली.

“डोरीन काकू, वाईट बातमी आहे. बिस्किट गेला. फाटक माझ्या हातून उघडं राहिलं, तो रस्त्यावर गेला आणि ट्रकखाली आला. मी पोचले तेव्हा जीव होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फार वेळ लागला नाही. तुमच्या चादरीत गुंडाळून आत ठेवलाय. चूक माझी आहे.”

डोरीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तालिताने आणखी काही बोलायला तोंड उघडलं.

“आता गप्प,” आजी हळूच म्हणाली. “आता तिला बोलू दे.”

तालिता गप्प राहिली, पण मान खाली न घालता, डोरीनकडे बघत. डोरीनने बराच वेळ बिस्किटच्या कानांमागे खाजवलं. मग म्हणाली, “मला बघायचंय त्याला.”

“चला. मी येते बरोबर,” तालिता म्हणाली.

रुताने टाळ्या वाजवल्या. सालाफाईने वाजवल्या नाहीत, पण डुकराच्या भाजलेल्या मांसाचा राखून ठेवलेला तुकडा, जो रुताला सकाळपासून मागूनही मिळाला नव्हता, तो तिने बिस्किटपुढे टाकला. मेलेल्याला जेवू घालतेस, आणि पोटच्या पोरीला नाही, अशी रुताची कुरकुर मग संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत चालली.

मुलाखत झाली. तालिता घरी आली ती बूट काढून थेट चटईवर आडवी झाली. कुठल्या खोलीत काय, ते याही वेळी तिने सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही. फक्त एकदा तिच्या पायाशी येऊन बसली.

“बोललीस का?”

“बोलले आजी.”

“आणि गप्प?”

“गप्पही बसले. जिथे बसायचं तिथे.”

मग बरेच आठवडे सालाफाईने देवाला सुखाने झोपू दिलं नाही. मेडिकलला जागा मिळाल्याचा निरोप फोनवर आला तो शनिवारी सकाळी. तालिताने मोठ्याने वाचला, रुता किंचाळली. सालाफाई म्हणाली, “परत वाच.” तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने कोणती टोपी घालून उद्या चर्चला जायचं ते ठरवलं आणि कुंपणाशी जाऊन डोरीनला हाक मारली.

ऐकून डोरीन रडायलाच लागली.

“आता कशाला रडतेस?” सालाफाई म्हणाली. “तालीम संपली.”

“हे खरं आहे गं बाई.”

“मग इकडे येऊन रड. चहा टाकलाय.”