शेजारच्या खाणीतून

"मशीन स्वच्छ निघालं, तर आजपासून दुशान माझा कुणी नाही," असं म्हणत स्ताव्रूलाबाईने लॅपटॉप माझ्या टेबलावर आपटला.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कूबर पीडीत अर्धं गाव जमिनीखाली राहतं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकानही टेकडी पोखरूनच केलेलं, त्यामुळे तो आवाज चांगलाच घुमला. ती आणि दुशान ओपल रत्नांच्या खाणीतले भागीदार. खणायचं त्याने, विकायचं हिने. कागद नाही, नुसता हातात हात दिलेला. आणि आता एकामागून एक गिऱ्हाइकं तिची शेवटची किंमत आधीच ठाऊक असल्यासारखी येऊन बसत होती. ती किंमत दोघांनाच माहीत. आणि या लॅपटॉपला.

"हळू आपट ना मावशी, त्या बिचाऱ्याने काय केलंय?"

"तेच तू सांग."

मी चालू असलेल्या प्रोग्रॅमांची आणि डिस्कवरच्या सगळ्या फायलींची यादी मागितली. सगळं ओळखीचं. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम फिरवला. काही नाही. माहिती बाहेर कुठे जातेय का पाहिलं. शुकशुकाट. दुशान मला आवडतो आणि मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे माझं डोकं फिरलं होतं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.  ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढून दुशानला बोलावून घेतलं.

तो आला तो खाणीच्या ट्रकच्या किल्ल्या टेबलावर ठेवतच. "घे बाई, तुझा ट्रक तुला लखलाभ." मग माझ्याकडे वळला. "काय गं, कुणाला विचारलंस?"

"मशीनलाच."

"वा! म्हणजे बिळात तोंड घालून विचारलंस, उंदीरमामा, आहात का घरी?"

उंदीर म्हणजे आमच्याकडे खाणचोर. शेजारच्या खाणीतून बोगदा काढतो, तुमचं ओपल नेतो आणि जाताना भोक बेमालूम बुजवतो.

"आपल्या खाणीत शिरला होता," दुशान म्हणाला, "तेव्हा त्याने लिंपलेल्या भिंतीला टेकून ही बाई रोज जेवत होती. आतून काही कळलं का? शेजारच्या खाणीत उतरून मागून पाहिलं, तेव्हा कळलं."

 मी लॅपटॉप बंद केला आणि माझी स्वतःची डिस्क लावून तिच्यावरून सुरू केला. आता त्याची स्वतःची यंत्रणा झोपलेली होती आणि मी त्याच्या फायली बाहेरून वाचत होते. फायलींची आधीची यादी शेजारी ठेवली. बाहेरच्या यादीत एक फाइल जास्त होती.

रूटकिट, म्हणजे यंत्रणेच्या मुळाशी लपून माहिती चोरणारा प्रोग्रॅम. नाव ऐकून होते, समोर पहिल्यांदाच बघत होते. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या हातून गेला होता, आणि प्रत्येक उत्तरातून त्याने फक्त स्वतःला गाळलं होतं. बाकी सगळं खरं! व्हायरस शोधणारा प्रोग्रॅमही त्यालाच विचारून मला "काही नाही" सांगत होता. डिस्कवर किती जागा उरली, तेसुद्धा त्याने स्वतः व्यापलेल्या जागेइतकं वाढवून सांगितलं होतं. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि "अगं आई गं" एवढंच बाहेर पडलं.  एवढी बुद्धी, एवढी सफाई, आणि ती चोरीला लावली! मी थक्क झाले होते, आणि थक्क झाल्याचाच मला राग येत होता.

दुशान स्क्रीनवर वाकला. "काय सुंदर लिंपलंय," तो म्हणाला. शेवटी खाणीतलाच माणूस.

स्ताव्रूलाबाई स्क्रीनकडे बघतच नव्हती. "मी गिऱ्हाइकांना विचारलं," ती म्हणाली. "हिला विचारलं, मशीनला विचारलं. तुला विचारलंच नाही."

"मग विचार."

"तू सांगितलीस का रे किंमत?"

"नाही."

तिने मान डोलावली. हे उत्तर मात्र तिने कुठूनच तपासून पाहिलं नाही.

दुशानने किल्ल्या उचलल्या. "चल जेवायला," तो म्हणाला, "आणि या वेळी भिंतीला टेकू नकोस."